पोट माफ करतं

दाभोळच्या धक्क्यावरून सकाळची होडी सुटते
तेव्हा माझ्या मांडीवर निळी पेटी असते.
आत बर्फाच्या लाद्या, मधे कुप्या,
गोवर, घटसर्प, डांग्या खोकला,
आणि मी ती अशी कवटाळून बसते
की मोहसिन वल्हं थांबवून विचारतो,
"सिस्टर, पापलेट का?"

एकतीस वर्षं झाली.
वादळात अकरा दिवस वीज नव्हती
तेव्हा मासळीच्या कारखान्यातून बर्फ मागून आणला;
महिनाभर पेटीला कोळंबीचा वास येत होता.
खाडीकाठच्या वाड्यांतली पोरं मला ओळखतात.
ओळखतात म्हणजे पळतात.
मुकादमांचा झैद उपड्या होडीखाली शिरतो
नि आतून ओरडतो, मी घरात नाय!

पौषात दाक्षायणी आली, जांभारकरांची.
जन्मली त्या दिवशी मीच टोचलं होतं तिला,
डाव्या दंडावर खूण अजून आहे.
आता पुण्यात प्रयोगशाळेत दह्यातले जंतू वाढवते.
तिची आई गावभर सांगते,
विरजण लावायचा पगार मिळतो आमच्या पोरीला.

धक्क्यावर बसून तिनं मला समजावलं.
दह्यातला जंतू गरीब, कुणाच्या अध्यात ना मध्यात.
त्याच्या अंगावर रोगाच्या अंगरख्याचा
एक तुकडा शिवायचा,
तुकडाच फक्त, रोग नव्हे.
मग तो ताकातून गिळायचा,
किंवा नाकात एक फवारा.

"सुई पहारेकरी बसवते कुठे, मावशी? माजघरात.
आणि रोग शिरतो खाडीच्या तोंडातून."
तिनं बोट केलं तिकडे,
जिथे वाशिष्ठी समुद्रात उतरते
आणि वाळूचा दांडा पाण्याखाली दबा धरून असतो,
परक्या तांडेलाला न दिसणारा.
"पहारा तिथे हवा.
नाकात, घशात, आतड्याच्या ओल्या अस्तरावर."

म्हणजे एकतीस वर्षं मी माजघरात शिपाई पोचवत होते.
बरं, मग हे येणार कधी?

ती शेवाळावर चप्पल घासत राहिली.
"उंदरांना जमतं, थोडंसं.
पण गोम अशी आहे, की पोट माफ करतं.
तोंडावाटे जे येतं, रोजच्या सवयीनं,
त्याला ते शत्रू मानत नाही.
मानलं असतं तर भातालाही भांडलो असतो आपण.
मी पंगतीला बसलेल्या एकाकडे बोट दाखवून म्हणते,
ह्याचा चेहरा लक्षात ठेव, हा पुढे घात करील.
पोट म्हणतं, जेवू दे गो त्याला."

पाच वर्षं ती ह्याच वाक्यापाशी अडली आहे.

शिवाय तो जंतू बाहेर सुटता कामा नये,
म्हणून त्याची एक भूक अशी बांधून ठेवलीय
की तिच्या हातचं मिळालं नाही तर तो मरतो.
वाईट वाटतं का, मी विचारलं.
"रविवारी वाटतं."

त्या रात्री आंबोळ्यांचं पीठ मी जुन्या साडीत गुंडाळून
चुलीच्या उबेला ठेवलं. थंडीत ते रुसतं.
मध्यरात्री झाकण काढून कान लावला:
बारीक फुटणारे बुडबुडे,
आपापल्या कामात, कुणाचंही न ऐकणारे.
ह्यांनी कधी कुणाचा निरोप नेलाय?
मीठ घालायचं राहिलंय एवढं मात्र आठवलं.

बुधवारी झैद पुन्हा होडीखाली.
मी रांगत आत गेले, गुडघे करकरले.
डांबराचा वास, अंधार, जाळ्याचं एक भेंडोळं, त्यामागे तो.
म्हटलं, एक बाई आहे पुण्यात,
सुई मोडीत काढायच्या मागे लागलीय.
"कधी काढंल?"
तुला पोरं होतील तोवर. कदाचित.

त्यानं हिशेब केला, दंड पुढे केला,
तोंड फिरवून फळीच्या फटीतून खाडी बघत राहिला.
कापूस दाबून धरला तेव्हा म्हणाला,
"मग ती पोरं होडीखाली कशाला येतील?"

हे दाक्षायणीला कळवायचं राहिलंय.